पंगतीतलं इंग्रजी

२८ एप्रिल, मंगळवार. सकाळी सातपासून मी ओट्याशी उभी राहून फिजोआ कोरत होते. फिजोआ म्हणजे पेरूच्या लांबच्या नात्यातलं, हिरवं, लिंबापेक्षा जरा मोठं फळ. एप्रिलमध्ये ऑकलंडात ज्याच्या अंगणात याचं झाड असतं, त्याला बघून शेजारी रस्ता बदलतात, कारण तो भेटेल त्याच्या हातात पिशवी कोंबतो. मी मात्र रस्ता बदलत नाही. फळ मधोमध कापायचं, चमच्यानं गर काढायचा आणि लगेच लिंबू पिळायचं, नाहीतर गर बघता बघता काळा पडतो. माझ्यापुढे दोन बादल्या होत्या. एका बादलीची गूळ, आलं आणि लाल तिखट घालून चटणी करायची होती. दुसरी बादली वर्गाला न्यायची होती.

नवरा कॉफी करायला आला. तो घरूनच काम करतो, त्यामुळे माझ्या प्रत्येक कामावर त्याची देखरेख असते.

‘परत उचलून आणलंस?’

‘उचलून नाही. कोपऱ्यावरच्या घरानं फाटकाशी खोकं ठेवलंय. वर पाटी आहे, फ्री, प्लीज टेक.’

‘अगं, म्हणजे जाता जाता दोन-चार घ्या. बादल्या घेऊन या असं नाही लिहिलेलं.’

‘मग तसं लिहायचं होतं त्यांनी. सरक, मला गॅस लागतोय.’

त्या पाटीवरूनच मला त्या दिवसाचा धडा सुचला. टेक.

धडा म्हणजे असा. नळ आणि पाइप घाऊक विकणाऱ्या एका कंपनीत मी आठवड्याचे चार दिवस डिस्पॅच बघते. मंगळवारी सुट्टी असते. त्या दिवशी ऑकलंडच्या मनुरेवा या उपनगरातल्या आमच्या लायब्ररीमागच्या हॉलमध्ये मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते, विनामूल्य. लायब्ररीत पाटी लागली होती की गप्पा मारायला माणसं हवीत, शिकवण्याचा अनुभव असण्याची गरज नाही. मला गप्पा मारण्यापेक्षा लोकांना कामाला लावणं जास्त आवडतं, पण म्हटलं जाऊन बघू. त्याला आता वर्ष झालं.

माझ्या वर्गात सगळे चिनी आहेत. साठीच्या आसपासचे, मुलांनी नातवंडं सांभाळायला इकडे बोलावून घेतलेले. आता नातवंडं शाळेत जायला लागली, आणि आजी-आजोबांना दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे आपलं आपण बोलायचं आहे. माझं इंग्रजी पुण्याचं, त्यांचं आपापल्या प्रांतातलं, आणि शिकायचं न्यूझीलंडचं. नवरा म्हणतो की या तिन्हींतून जे निघेल ते ऐकायला इथल्या लोकांनी तिकीट काढून यावं.

व्याकरण मी शिकवत नाही. मला ते नीट येतही नाही. मी दर आठवड्याला एक साधं क्रियापद घेते आणि ते दोन तास सगळ्यांकडून वापरून घेते. मोठ्या शब्दांचा त्यांना त्रास नसतो. ‘रेफ्रिजरेटर’ एकदा पाठ केला की तो रेफ्रिजरेटरच राहतो. खरा ताप हे गेट, पुट, मेक असले छोटे शब्द देतात. गेटला आम्हाला तीन मंगळवार लागले, आणि एका आजींनी तेव्हापासून वर्ग सोडला तो सोडलाच.

दहा वाजता मी टेबलावर टोपली रिकामी केली. त्यात माझा एक बूट, डोकेदुखीच्या गोळ्या, बसचं कार्ड आणि फोन होता. मग दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हटलं, ‘टेक अ सीट.’ एक नवे आजोबा होते. त्यांनी मान डोलावली, खुर्ची उचलली आणि बाहेर निघाले. बाकीच्यांनी त्यांना दारातून परत आणलं.

मग गोळी घेणं, बस घेणं, फोटो घेणं, बूट काढणं असं एकेक करून दाखवलं. सगळीकडे टेक. वर्गात एक निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत, उंच, बारीक, सतत खिशात पेन. मी त्यांना मनातल्या मनात गणिताचे सर म्हणते. त्यांनी हात वर केला.

‘टीचर, आमच्याकडे गोळी खातात. बसमध्ये बसतात. बूट उतरवतात. प्रत्येक कामाला वेगळा माणूस. इंग्रजीत एकच माणूस सगळी कामं करतो. हा कारखाना नीट चालणार नाही.’

‘चालतोय की. जगभर चालतोय.’

‘मॅनेजमेंट वाईट आहे,’ सर ठामपणे म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत गोळी घेतात, पण फोटो काढतात आणि चपलासुद्धा काढतात. हे ऐकून वर्गाला बरं वाटलं. या देशात डोकं खाजवणारे आपण एकटेच नाही, एवढं कळलं तरी माणूस जरा सैलावून बसतो.

त्यानंतर फिजोआ. मी वाडगा घेऊन रांगेनं फिरले. ‘टेक वन.’ एकूण एक माणसानं हात हलवून ‘नो, नो, थँक यू’ म्हटलं. मी दुसरी फेरी मारली. ‘टेक वन, प्लीज. घरचं आहे.’ घरचं नव्हतं, पण आग्रह करताना असं म्हणायचं असतं. पुन्हा ‘नो, नो’, पण जरा कमी जोरात. तिसऱ्या फेरीला सगळ्यांनी दोन-दोन घेतले आणि चमचे वाजायला लागले. आमच्या वर्गात हे दर मंगळवारी असंच होतं. कधी चिवडा असतो, कधी सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून आणलेले बेसनाचे लाडू असतात. तीन फेऱ्या मारल्याशिवाय माझा डबा रिकामा होत नाही, आणि तीन फेऱ्यांनंतर त्यात काही उरत नाही.

त्या दिवशी मात्र एका बाईंनी तिसऱ्या फेरीलाही घेतलं नाही. या हुनान प्रांतातल्या. ठेंगण्या, दणकट, वर्गात सगळ्यात आधी येणाऱ्या. एरवी त्या फळाची साल कशी टाकायची, बी रुजेल का, झाडाला ऊन किती लागतं, हे सगळं विचारल्याशिवाय सोडत नाहीत. आज फळाकडे बघतही नव्हत्या.

‘टीचर, एक प्रश्न,’ त्या म्हणाल्या. ‘न्यूझीलंडमध्ये दुसऱ्यांदा विचारायला किती दिवस लागतात?’

‘कुणी काय विचारायला?’

‘बॉसनं. काम.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थोडं इंग्रजीत, थोडं सरांनी मध्ये भर घालून. मनुरेवाच्या पुढे, शहर संपतं तिथे एक मोठी रोपवाटिका आहे. तिथे ट्रेमधली छोटी रोपं काढून कुंड्यांत लावायला माणूस हवा होता. बाईंचा जन्म शेतावर गेलेला, कामाच्या परवान्याची काही अडचण नाही, म्हणून त्या लेकाला घेऊन गेल्या. शनिवारी त्यांना एक दिवस काम करून दाखवायला सांगितलं. त्यांनी केलं. दुपारी तिथल्या बॉसबाईंनी त्यांच्या लावलेल्या कुंड्या बघितल्या, खूश झाल्या आणि विचारलं, सोमवार ते गुरुवार असं काम घ्याल का?

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

बाईंनी दोन्ही हात छातीपुढे धरून जोरात हलवले. ‘नो, नो, नो. आय ॲम नॉट गुड.’

‘आणि त्या काय म्हणाल्या?’

‘नो वरीज.’

‘आणि मग?’

‘मग मी थांबले. गाड्या लावतात तिथे. लेक येईपर्यंत थांबले. बॉस दोनदा समोरून गेली. हसली. पण विचारलं नाही.’ बाईंनी वर्गाकडे पाहिलं. ‘शनिवार गेला. रविवार गेला. काल सोमवार गेला. आज विचारेल का?’

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. सर म्हणाले, ‘विचारेल, विचारेल. चांगला बॉस घाई करत नाही.’ आणखी एका आजी म्हणाल्या की पहिल्याच वेळी हो म्हणणारी बाई अधाशी वाटते, त्यामुळे नाही म्हटलं ते बरोबरच केलं. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

मला मात्र माझीच एक जुनी गोष्ट आठवली. या देशात मी नवीन असताना एका संध्याकाळी धो धो पाऊस पडत होता, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं गाडीची काच खाली करून विचारलं होतं, लिफ्ट हवी का? मी म्हटलं होतं, नको हो, उगाच तुम्हाला वाकडी वाट. तो म्हणाला, ‘स्वीट ॲज,’ म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’, आणि काच वर करून गेला. बसस्टॉपवर मी भिजून चिंब झाले आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानं विचारलं, मी नाही म्हटलं, विषय संपला. इथे नाही म्हणजे नाही असतं. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, समोरच्याला स्वतःचं मन कळत नाही असं म्हटल्यासारखं.

हे मी वर्गाला सांगितलं.

‘एकदाच विचारतात?’ सरांनी विचारलं.

‘एकदाच.’

‘कायम?’

‘कायम.’

हुनानच्या बाईंचा चेहरा पडला, पण लगेच त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘पण टीचर, तुम्ही नेहमी तीनदा विचारता!’

‘मी?’

‘दर मंगळवारी. एक, दोन, तीन. मला वाटलं, न्यूझीलंड असंच.’

मी हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. पुण्याची बाई आग्रह करते आहे, चिनी माणसं नको नको म्हणत आहेत, दोन्ही बाजूंना हे अगदी बरोबर वाटतं आहे, आणि वर्षभर आम्ही सगळे मिळून याला न्यूझीलंडचं इंग्रजी समजतो आहोत. इथला माणूस यात कुठेच नव्हता.

‘ते न्यूझीलंड नाही,’ मी म्हटलं. ‘ते पुणे आहे.’

सर मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांची अडचण मोठी होती, आणि ती त्यांनी आता सांगितली. मेच्या मध्यावर त्यांच्या सुनेची आई चीनहून सहा महिने राहायला येणार होती. घर लहान, स्वयंपाकघर एक, आणि विहीण शहरातली, बँकेतून निवृत्त झालेली, बोलण्यात हार न जाणारी. रविवारी फोनवर विहिणीनं विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता हो? बाईंनी सांगून टाकलं, मला कामावर जावं लागतं.

‘सांगून टाकलं? काम मिळायच्या आधीच?’

‘मिळालं होतं. नाही म्हटलं, म्हणजे मिळालं होतं.’

हे मला पूर्ण समजलं. आमच्याकडेही तसंच असतं.

‘लेक काय म्हणाला?’

‘लेक म्हणतो, आई, घरी आराम कर. तुला इंग्रजी येत नाही, तिथे काय करशील?’ त्यांनी हाताची बोटं पसरून दाखवली. ‘रोपाला इंग्रजी येतं का?’

मी फोन उचलला. ‘रोपवाटिकेत फोन करून जागा आहे का विचारते.’

‘नको, नको, टीचर!’ त्यांचे हात पुन्हा हलायला लागले.

‘हे खरं नको आहे की शनिवारचं नको आहे?’

त्या थांबल्या. विचार केला. ‘शनिवारचं.’

मी हॉलच्या पायरीवर जाऊन फोन लावला. बॉसबाईंनी लगेच उचलला, मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. मी कोण आणि कुणाबद्दल बोलते आहे ते सांगितलं.

‘अच्छा, ती!’ त्या म्हणाल्या. ‘काय हात आहे हो तिचा. पण तिनं मला तोंडावर सांगितलं की काम नको. मला आवडलं ते. लोक हो म्हणतात आणि सोमवारी उगवतच नाहीत.’

‘तिला काम हवं आहे,’ मी म्हटलं.

‘मग नको का म्हणाली?’

‘तो शिष्टाचार होता.’

मग त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तिला हवं असेल तर ती नको म्हणते. आणि नको असेल तर?’

‘तेव्हाही नको म्हणते.’

‘मग मला कळायचं कसं?’

प्रश्न रास्त होता. परत विचारायचं असतं, असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे हजारो रोपं आहेत आणि एकदा विचारायलाच वेळ कसाबसा मिळतो. उद्या दहा वाजता दुसरी एक जण ट्रायलला येणार आहे, असंही त्यांनी सांगितलं. मी बाईंची बाजू मांडायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला तिथेच थांबवलं.

‘ऐका, तुम्ही छान बोलता. पण काम तुम्ही करणार नाही. तिला हवं असेल तर तिनंच सांगू दे. मी सातपासून इथेच असते.’

आत येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी खाली पाहिलं. एकदा नाही म्हटलेली गोष्ट आपण होऊन मागायला जायची म्हणजे फार झालं, असं सरांनी मला हळू आवाजात समजावलं. माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

‘बरं,’ मी बाईंना म्हटलं. ‘मग विहीणबाईंना काय सांगायचं?’

त्यांनी मान वर केली. ‘सकाळी किती वाजता निघायचं?’

‘साडेसहा. मी सोडते, माझं ऑफिस साडेआठला असतं. आता उठा, उरलेला वेळ सरावाचा. आजचं क्रियापद तेच आहे. आय विल टेक इट.’

सर बॉस झाले. ते त्यांना फारच आवडलं. त्यांनी हॉलमधली कुणीतरी विसरलेली उन्हाळी टोपी घातली, हात कमरेवर ठेवले आणि गरजले, ‘तुला काम पाहिजे?’

बाई म्हणाल्या, ‘नो, नो.’ तोंडावर हात गेला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. शब्द यायच्या आधीच त्यांचे हात हलायचे, आणि हात हलले की शब्द त्यांच्या मागून जायचे. वर्ग हसून बेजार झाला. शेवटी खिडकीतली मनी प्लांटची कुंडी उचलून मी त्यांच्या दोन्ही हातांत दिली. आता हात हलेनात, तर मान हलायला लागली.

सर कंटाळले. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, ‘उशीर झाला. काम दुसऱ्या बाईला दिलं. ती चांगली आहे. तरुण आहे.’

‘नाही!’ बाई कुंडीसकट पुढे सरकल्या. ‘माझं काम! आय टेक! आय टेक इट!’

सर दोन पावलं मागे गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधला ‘विल’ राहिला होता, तो मी सोडून दिला.

त्यानंतर मी बाकीच्यांनाही सोडलं नाही. डॉक्टरनं उद्याची वेळ देऊ केली, घ्या. शेजारणीनं गाडीनं नेते म्हटलं, घ्या. दुकानदारानं पिशवी हवी का विचारलं, हवी असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा, आणि हात खाली. पहिल्याच वेळी हो म्हणताना काहींचे कान लाल झाले. एका आजींनी हो म्हणून झाल्यावर ‘सॉरी’ म्हटलं.

घरी येऊन चटणी शिजवता शिजवता नवऱ्याला हे सांगितलं. तो ब्रेडला ती गरम चटणी लावून खात होता, त्याला ठसका लागला.

‘म्हणजे वर्षभर तू त्यांना पंगतीतलं इंग्रजी शिकवलंस.’

‘पाणी पी.’

‘वाढपी फिरतोय, पाहुणे पानावर आडवे हात धरतायत, आणि सगळ्यांना वाटतंय हा न्यूझीलंडचा रिवाज.’

‘पंगतीत कुणी उपाशी उठत नाही,’ मी म्हटलं. ‘तिकडे ती बाई कामाशिवाय उठलीये. ढवळ जरा, बुडाला लागेल.’

त्यानं ढवळलं. ‘आणि उद्या तिनं परत नो नो केलं तर?’

तो प्रश्न माझ्याही मनात होता. मी मधे पडायचं नाही हे ठरलं होतं, आणि बॉसबाई तिसऱ्यांदा विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला त्यांच्या घरासमोर गाडी लावली, तेव्हा उजाडायचं होतं. बाई फाटकात उभ्याच होत्या. नवे गमबूट, डोक्यावर रुंद टोपी, हातात डबा. लेक दारात पायजम्यात उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्यानं हात केला, मीही केला.

वाटेत त्या पुटपुटत होत्या. ‘आय विल टेक इट. आय विल टेक इट.’ एका सिग्नलला थांबलो तर म्हणाल्या, ‘टीचर, ती विचारेल ना? एकदा तरी?’

‘एकदा विचारेल.’

‘आणि मला ऐकू नाही आलं तर?’

‘ऐकू येईल. आवाज मोठा आहे तिचा.’

रोपवाटिकेत दिवे लागले होते. शेडच्या दाराशी बॉसबाई ट्रॉलीवरून ट्रे उतरवत होत्या. अंगात जाड स्वेटर, खाली हाफ पँट, पायात गमबूट. मी गाडी दारासमोर लावली आणि आत बसून राहिले. खिडकी मात्र पूर्ण खाली केली.

बाई उतरल्या आणि सरळ चालत गेल्या. बॉसबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

‘मॉर्निंग! ऐकलं की तुम्ही विचार बदललात?’

हे वाक्य सरावात नव्हतं. सरांनी ते विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. बाईंचे हात छातीपाशी यायला लागलेले मला मागूनही दिसले. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. तोंडातून शब्द निघू नये म्हणून ओठ दातांखाली दाबला.

बाईंनी हात जाकिटाच्या खिशात घातले.

‘विचार बदलला नाही,’ त्या एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. ‘शनिवारी पण हवं होतं. शनिवारी मी पोलाइट. आज पोलाइट नाही. काम हवं. आय विल टेक इट.’

बॉसबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की शेडमधून दोघं जण डोकावले. ‘स्वीट ॲज,’ त्या म्हणाल्या. ‘मग अशाच राहा. दहा वाजता येणार होती तिला मी कळवते.’ त्यांनी ट्रॉलीवरचे हातमोजे उचलून बाईंच्या हातात दिले आणि कुठला ट्रे आधी घ्यायचा ते दाखवायला लागल्या. बाईंनी ट्रे बघितला, मान हलवली आणि शेजारचा उचलला. बॉसबाईंनी वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, हो, तोच.

माझं तिथलं काम संपलं होतं. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात बाई धावत आल्या, डबा गाडीतच राहिला होता. त्यांनी खिडकीतून तो घेतला आणि उघडून माझ्यापुढे धरला. आत भाजी भरलेले पांढरे, वाफवलेले बन होते, अजून गरम. मी नाश्ता केला नव्हता.

‘टीचर, टेक.’

‘नको हो, राहू द्या, तुमचा डबा आहे तो.’

‘ओके,’ बाई म्हणाल्या. त्यांनी झाकण लावलं, मला छानसं हसून दाखवलं आणि शेडकडे चालायला लागल्या.

मी हॉर्न वाजवला. त्या वळल्या.

‘द्या इकडे,’ मी खिडकीतून ओरडले. ‘दोन द्या.’

दोन घेतले. एक पहिल्या सिग्नलला खाल्ला, दुसरा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, आणि साडेआठला कामाला बसले.